कामासाठी गेलेच आहे, तर चार दिवस थांबू का?

प्रश्न : चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमची, म्हणजे साचे आणि हत्यारांच्या विभागाची, जबाबदारी सांभाळणाऱ्या ३९ वर्षांच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. प्लॅस्टिकच्या भागांसाठी मागवलेल्या साच्यांची ट्रायल पाहून मान्यता देण्यासाठी कंपनी त्यांना नोव्हेंबरमध्ये पाच दिवस पोर्तुगालमधील मरिन्या ग्रांद या गावी एकटीच पाठवत आहे. शुक्रवारी काम संपल्यावर शनिवारी परतायचे आहे. त्यांच्या मनात मात्र सोमवार-मंगळवारची रजा टाकून जवळच्या नाझारे या समुद्रकाठच्या गावी राहावे आणि बुधवारी निघावे असे आहे. त्यांचे माहेर रेवदंड्याचे असून लहानपण आगरकोट या पोर्तुगीज किल्ल्याच्या पडक्या तटाशी खेळण्यात गेले, त्यामुळे पोर्तुगालच्या किनाऱ्याविषयीचे कुतूहल जुने आहे. त्यांनी आखलेल्या चार दिवसांच्या यादीत नाझारेबरोबर लिस्बन, सिंत्रा, फातिमा आणि पोर्तो ही शहरेही आहेत. पतींचे उत्तर “तुला थांबायचंच असेल तर थांब” असे आले. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या लांब, एकटीने, आणि तेही समुद्रावर?” मुलगी नऊ वर्षांची आहे. जर्मनीच्या प्रदर्शनाला गेलेले दोन सहकारी तिकडूनच इटलीला जाऊन आले तेव्हा कोणी काही बोलले नव्हते, तरीही साहेबांना विचारताना त्यांना संकोच वाटतो, कारण कंपनीच्या तिकिटावर मौज केली असे म्हटले जाईल. त्या विचारतात : थांबणे योग्य होईल का, की पुढे कधीतरी सगळ्यांबरोबरच जावे?

उत्तर : तुमच्या पत्रात “थांबू का” हा एकच प्रश्न चार जणांना विचारलेला दिसतो : कंपनीला, पतींना, सासूबाईंना आणि सरतेशेवटी मला. या चौघांशी तुमचे नाते सारखे नाही, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला तुमच्याकडून वेगळे काही मिळायला हवे. कंपनीला नेमकी माहिती आणि चोख हिशेब हवा, पतींशी मोकळे बोलणे हवे, सासूबाईंना धीर हवा, आणि माझ्याकडून तुम्हाला हवे आहे ते स्पष्ट मत. ते आधीच सांगून टाकते : थांबा. मात्र तुमची यादी जशी आहे तशी ठेवून थांबू नका, आणि मनात अपराधाचे ओझे ठेवूनही थांबू नका.

कंपनीपासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळ्यात मोठा संकोच तिथे आहे आणि सगळ्यात सोपे उत्तरही तिथेच आहे. तुम्ही असे गृहीत धरले आहे की परदेशी काम संपल्यानंतरचा प्रत्येक तास हा कंपनीचा, आणि तो स्वतःसाठी वापरणे म्हणजे तिच्या खिशात हात घालणे. हे कुठल्या नियमात लिहिले आहे ते शोधून पाहा, कारण बहुतेक ठिकाणी ते कुठेच लिहिलेले नसते. शनिवार-रविवार तुमच्या सुट्टीचे आहेत, सोमवार-मंगळवारची रजा तुम्ही कमावलेली आहे, आणि परतीचे तिकीट कंपनी तुम्हाला तसेही देणारच आहे. प्रश्न उरतो तो फक्त खर्चाच्या फरकाचा, आणि तो कागदावर मिटवता येतो. तिकीट काढण्यापूर्वी एकाच दिवशी, एकाच वेळी शनिवारच्या आणि बुधवारच्या परतीचे भाडे पाहून दोन्हींची नोंद जपून ठेवा. बुधवारचे महाग असेल तर फरक तुम्ही भरा आणि स्वस्त असेल तर तेही कळवा. शुक्रवारची रात्र कंपनीच्या खात्यावर, शनिवार सकाळपासूनचे राहणे, जेवण आणि प्रवास तुमच्या खात्यावर. दोन्हींची बिले एकाच हॉटेलची असतील तरी ती वेगळी मागून घ्या.

साहेबांना विचारताना “चालेल का, जमेल का, काही हरकत नसेल तर” अशी सुरुवात करू नका. पाच ओळींचा ई-मेल पुरेसा आहे : “मरिन्या ग्रांद येथील काम शुक्रवारी संपल्यानंतर मी सोमवार-मंगळवार अशी दोन दिवसांची रजा घेऊन त्याच परिसरात स्वखर्चाने राहू इच्छिते. परतीचे विमान बुधवारचे असेल. भाड्यातील फरक मी भरेन. ट्रायल लांबल्यास सोमवारी कारखान्यात हजर राहणे मला शक्य होईल. त्या स्थितीत रजेची नोंद त्याप्रमाणे बदलावी, ही विनंती.” शेवटची दोन वाक्ये मी मुद्दाम घातली आहेत. ट्रायल वेळापत्रकाप्रमाणे संपतेच असे नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कुठे भाग नीट भरत नाही, कुठे कडेला पापुद्रा येतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी साच्यावर पुन्हा हात फिरवावा लागतो. अशा वेळी तुम्ही वीस-पंचवीस किलोमीटरवर असणे कंपनीच्या सोयीचे आहे. ती सोय खरी आहे म्हणून ती सांगावी. मात्र सोमवार कामात गेला तर तो रजेत धरला जाऊ नये, हेही आधीच लिहून ठेवावे.

सहकाऱ्यांचा इटलीचा प्रवास कोणाला खटकला नाही आणि तुमचा खटकेल, ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. बाईमाणसाने कामाला जावे आणि काम होताच घरी यावे, असे मानणारी माणसे कार्यालयांतही असतात. पण तुमच्या पत्रात साहेबांचे एकही वाक्य नाही, त्यांच्या तोंडी घातलेली वाक्ये सगळी तुमचीच आहेत. त्यांना बोलू तरी द्या. धोरणात बसत नाही असे उत्तर आले, तर कोणत्या कलमात बसत नाही ते नम्रपणे विचारा आणि त्या दोन सहकाऱ्यांच्या वेळी कोणती पद्धत वापरली होती तेही विचारा. तक्रारीच्या सुरात नव्हे, तीच पद्धत आपल्यालाही लागू व्हावी एवढ्यापुरते.

आता घरचे. पतींच्या वाक्यात होकार नाही हे खरे, पण नकारही नाही. तो तुम्ही वाचलेला आहे. त्या वाक्यामागे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. तुमच्या सुरक्षिततेची काळजी असेल, घर आणि मुलीची शाळा आणखी चार दिवस एकट्याने सांभाळण्याचा ताण असेल, किंवा “मलाही यायला आवडले असते” ही न बोललेली हळहळ असेल. तिन्हींची उत्तरे निराळी आहेत. पहिल्यासाठी राहण्याचा पत्ता, प्रवासाचा आराखडा आणि रोजच्या फोनची वेळ हवी. दुसऱ्यासाठी शाळेचा डबा, शिकवणी आणि कामवाल्या बाईंच्या वेळा यांची सोय दोघांनी बसून लावायला हवी. तिसऱ्यासाठी काही सोय लागत नाही, ती हळहळ ऐकून घ्यावी लागते. जाण्याच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने हे बोलू नका. एखाद्या रविवारी मुलगी खेळायला गेलेली असताना बसा आणि “तुला नेमके काय जड वाटते?” असे सरळ विचारा.

“पुढे सगळे मिळून जाऊ” ही कल्पना मला आवडते, आणि तुम्ही ती जरूर अमलात आणा. फक्त ती सहल आणि ही सहल एकमेकींच्या आड येतात, हे गृहीतक तपासून पाहा. मुलीला घेऊन जाल ते मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत जाल, तिघांचा व्हिसा आणि तिघांचे विमानभाडे जमवून जाल, आणि तेव्हा तुमचा दिवस तिच्या भुकेच्या, झोपेच्या आणि वाळूत खेळण्याच्या वेळांनी ठरेल. तेही सुंदर असेल. परंतु नोव्हेंबरातले अर्धे रिकामे नाझारे, उत्तरेकडून येणारी मोठी लाट, आणि कोणाच्याही वेळापत्रकाविना एका बाकावर बसून राहणे, हे त्या सहलीत मिळणार नाही. आज थांबलात म्हणून ती सहल वापरून संपत नाही, आणि आज थांबला नाहीत म्हणून ती लवकर घडेल असेही नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचे मात्र मी जरा सविस्तर उत्तर देणार आहे, कारण त्यांची शंका अर्धी खरी आहे. एकट्या स्त्रीने फिरण्याच्या दृष्टीने पोर्तुगाल हा युरोपातील शांत देशांपैकी एक मानला जातो. तिथे सांभाळायचे ते पाकीट आणि पासपोर्ट, तेही मुख्यतः लिस्बनच्या गर्दीच्या ट्रामगाड्यांत. समुद्र मात्र खरोखरच धोक्याचा आहे, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय नाझारे समजत नाही.

या गावासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे. ती किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आतच सुरू होते, दोनशेहून अधिक किलोमीटर खोल समुद्रात जाते आणि पुढे पाच हजार मीटरच्या आसपास खोलीला पोहोचते. उत्तर अटलांटिकमधील वादळांनी उठलेले पाणी या दरीवरून येते तेव्हा खोलीमुळे त्याचा वेग कमी होत नाही. शेजारच्या उथळ तळावरून येणारे पाणी मात्र मंदावते आणि वळते. या दोन लाटा दरीच्या तोंडाशी एकमेकींवर चढतात, किनाऱ्यालगत वाहणारा प्रवाह त्यांत भर घालतो, आणि गावाच्या उत्तरेला प्रैया दु नोर्त या किनाऱ्यावर पाण्याची भिंत उभी राहते. २०११ मध्ये सर्फिंग या फळीवरून लाटेवर स्वार होण्याच्या खेळातील गॅरेट मॅकनमारा यांनी येथे २३.८ मीटरच्या लाटेवर स्वार होऊन जगाचे लक्ष या गावाकडे वेधले. २०१७ मध्ये रॉड्रिगो कोशा यांनी २४.४ मीटरची आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन स्टॉइडनर यांनी २६.२१ मीटरची लाट पार केली. सव्वीस मीटर म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीची उंची. ब्राझीलच्या माया गबेरा २०१३ मध्ये याच पाण्यात बुडून मरता मरता वाचल्या आणि पुन्हा इथेच येऊन २०२० मध्ये त्यांनी २२.४ मीटरची लाट जिंकली.

म्हणून सासूबाईंना सांगा की समुद्र मी उंचावरून पाहणार आहे. सितियु नावाच्या कड्यावरच्या वस्तीतून चालत पंधरा-वीस मिनिटांत सांव मिगेलच्या छोट्या किल्ल्यापाशी आणि त्यावरच्या लाल दीपगृहापाशी पोहोचता येते. लाटा पाहण्याची जागा तीच. किल्ल्याच्या आत त्या लाटांवर स्वार झालेल्यांच्या फळ्या मांडून ठेवलेल्या आहेत. कठड्याच्या आत राहावे, ओल्या खडकांवर उतरू नये, आणि खाली प्रैया दु नोर्तच्या वाळूवर समुद्र शांत दिसत असतानाही पाण्याजवळ जाऊ नये, कारण तिथे एखादी लाट अनपेक्षितपणे खूप आतपर्यंत येते. गावापुढची दक्षिणेकडची चंद्रकोरीसारखी पुळण कड्याच्या आडोशाला असल्याने तुलनेने सौम्य असते, पण नोव्हेंबरात तीही पाय भिजवण्यापुरतीच समजावी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑक्टोबर ते मार्च हा मोठ्या लाटांचा हंगाम असला तरी राक्षसी लाट रोज येत नाही. वादळाचा अंदाज चार-पाच दिवस आधी कळतो, व्हिसाची तारीख त्याच्या कितीतरी आधी ठरते. म्हणून लाट दिसलीच पाहिजे असा हट्ट धरून जाऊ नका.

लाट नाही दिसली तरी काय पाहाल, हे सांगताना मला तुमच्या माहेराची आठवण ठेवायची आहे. रेवदंड्याच्या मुलीला पोर्तुगालमध्ये पहिला मोह होईल तो किल्ल्यांचा आणि चर्चच्या कमानींचा. तो ओढा स्वाभाविक आहे. १७३९ मध्ये वसई आणि पाठोपाठ रेवदंडा मराठ्यांकडे आला, तरी समोरच्या कोर्लईत पोर्तुगीजांच्या वळणाची बोली अजून घरात बोलली जाते. नाझारेतही त्या इतिहासाचा एक धागा आहे. सितियुवरच्या देवीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, दर्शनाला वास्को द गामा आला होता अशी परंपरा गावात सांगतात. कड्याच्या टोकाला एक लहानसे चौकोनी मंदिर आहे. ११८२ मध्ये धुक्यात हरणाचा पाठलाग करणाऱ्या दोम फुआस या सरदाराचा घोडा कड्याच्या काठावर देवीच्या कृपेने थबकला, अशी त्याची आख्यायिका आहे. तिथून एकशे दहा मीटर खाली सगळे गाव, लाल कौले आणि पांढऱ्या भिंती एका नजरेत येतात.

पण तुमचे खरे ओळखीचे दृश्य कड्यावर नसून खाली वाळूत आहे. पुळणीच्या दक्षिण टोकाकडे जाळी ताणलेल्या लाकडी चौकटी तिरप्या उभ्या केलेल्या असतात आणि त्यांवर मासे वाळत घातलेले असतात. त्यात मुख्यतः बांगड्याच्या आकाराचा, तिथे ‘कारापाऊ’ म्हणतात तो मासा आणि तारली असते. पोट साफ करून मासा पाठीच्या कण्यालगत उघडायचा, मिठाच्या पाण्यातून काढायचा आणि पुस्तकासारखा उलगडून जाळीवर पसरायचा, हे काम बायकांचे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच आहे. त्याच बायका तो शेजारी मांडून विकतात. पावसाच्या दिवसांत चौकटी कमी दिसतील, पण ऊन पडले की त्या बाहेर येतात, आणि नाही आल्या तर किनाऱ्यालगतच वाळवलेल्या माशांचे छोटे संग्रहालय आहे. कोकणच्या किनाऱ्यावर सुकट आणि बोंबील वाळताना पाहून मोठ्या झालेल्या तुम्हाला तिथे कोणी काही समजावून सांगावे लागणार नाही.

वयस्क बायकांच्या अंगावर तुम्हाला गुडघ्यापर्यंतचे, एकावर एक घातलेले घोळदार परकर दिसतील. त्यांची संख्या सात असते अशी ख्याती आहे, आणि सात का याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. त्यामागचे जगणे मात्र सरळ आहे. १९८० च्या दशकात बंदर बांधले जाईपर्यंत इथल्या होड्या थेट पुळणीवरून लाटांत ढकलल्या जात आणि परतल्यावर बैलांच्या जोड्यांनी वर ओढल्या जात. होडी परत येईपर्यंत बायका थंड वाऱ्यात वाळूवर बसून राहत. वरचे परकर डोक्यावर आणि खांद्यावर ओढून घेत आणि खालच्यांनी पाय झाकत. पुष्कळ होड्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत उलटल्या. ज्यांच्या अंगावर संपूर्ण काळे कपडे आहेत त्या बहुधा विधवा आहेत. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि त्यांच्या टोपलीतले बदाम किंवा सुके अंजीर घ्या.

इतके लिहिल्यावर तुमच्या यादीविषयी वेगळे काही बोलायला नको, तरी बोलते. चार दिवसांत लिस्बन, सिंत्रा, फातिमा, पोर्तो आणि नाझारे हे होऊ शकते, पण त्यातला मोठा भाग बसस्थानकांवर आणि बॅगेच्या चाकांवर जाईल. मला वाटते, ही यादी लांबण्याचे कारण पर्यटन नाही. घरी आणि कार्यालयात “एवढे पाहून आले” असे सांगता यावे, म्हणजे थांबणे सार्थ ठरेल, असे तुमच्या मनात कुठेतरी आहे. थांबण्याचे समर्थन देण्याची गरज नाही हे एकदा मान्य केलेत की पोर्तो आपोआप गळून पडेल. तीन रात्री नाझारेत राहा. एक अर्धा दिवस अल्कोबासाला द्या. तेथील मठ ११५३ मध्ये स्थापन झालेला आहे, आणि त्याच्या उंच, कोऱ्या, पांढऱ्या दगडांच्या चर्चमध्ये राजा पेद्रू आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या कोरीव समाध्या समोरासमोर आहेत. इनेशला राजाच्या बापाच्या आज्ञेवरून मारण्यात आले होते. अंतर पंधरा किलोमीटरच्या आत आहे आणि बस मिळते. उरलेला वेळ गावाला द्या.

आणि मरिन्या ग्रांदला केवळ कारखान्याचे गाव समजू नका. ते काचेचे गाव आहे. अठराव्या शतकात तिथे काचेचा कारखाना उभा राहिला, काचेसाठी साचे बनवणारे कारागीर तयार झाले, आणि विसाव्या शतकात त्यांच्याच हातांतून प्लॅस्टिकच्या साच्यांचा उद्योग वाढला. आज तुम्ही ज्या साच्याला मान्यता द्यायला जात आहात त्याची वंशावळ तेथील काचेच्या संग्रहालयात मांडलेली आहे. शनिवारी सकाळी नाझारेला निघण्यापूर्वी ते पाहून घ्या. गावाच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत पसरलेले पाइनचे राजवन होते. वाळू अडवण्यासाठी आणि जहाजांच्या लाकडासाठी ते शतकानुशतके राखलेले होते. ऑक्टोबर २०१७ च्या वणव्यात त्याचा बहुतांश भाग जळला आणि आता नवी रोपे वर येत आहेत. रजा नाकारली गेली, तर या वनापलीकडचे सांव पेद्रु द म्वेल हे लहानसे समुद्रकाठचे गाव दहा किलोमीटरच्या आसपास आहे. परतीचे विमान शनिवारऐवजी रविवारचे झाले तरी ते निवांत पाहून होईल.

ज्यांच्या कामाच्या दौऱ्याला असेच दोन-चार दिवस जोडायचे आहेत अशा सर्वच वाचकांनी व्हिसाची बाजू नीट पाहावी, कारण घोटाळा होतो तो इथेच. अर्ज कामाच्या प्रयोजनाचाच करायचा, पण पुढचे दिवस लपवायचे नाहीत. प्रवासाच्या आराखड्यात ते लिहावेत, त्या रात्रींचे हॉटेलचे आरक्षण आणि कार्यालयाचे रजामंजुरीचे पत्र जोडावे. ज्यांचा व्हिसा आधीच आलेला आहे त्यांनी पासपोर्टमधील व्हिसाच्या स्टिकरवरच्या दोन तारखांबरोबर दिवसांचा आकडाही वाचावा. महिनाभराची मुदत असली आणि आकडा १२ असला, तर बाराच दिवस राहता येते, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन येण्याजाण्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे “एका दिवसाने काय होते” हा विचार करूच नये. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाच्या सर्व दिवसांचा लागतो. कंपनीचा विमा बहुधा कामाच्या दिवसांपुरता असतो, म्हणून पुढच्या दिवसांचा स्वतः काढावा.

कंपनीचा लॅपटॉप आणि साच्यांची रेखाटने ही ग्राहकाची गोपनीय मालमत्ता आहे. रजेच्या दिवसांत तो कुठे ठेवावा हे आयटी विभागाला आधी विचारून घ्या. समुद्रावर नेण्याच्या पिशवीत तो नसावा हे उघडच आहे.

बाकीचे थोडक्यात. लिस्बनहून नाझारेला थेट बस दोन तासांच्या आत पोहोचवते. आगगाडीचे स्थानक गावापासून पाच-सहा किलोमीटर दूर असल्याने तो मार्ग सामानासह गैरसोयीचा आहे. खालच्या गावातून सितियुवर जाणारी दोरखंडाची गाडी १८८९ ची आहे. तिची चढण पाहून तुमच्यातील इंजिनिअर खूश होईल, मात्र ती देखभालीसाठी बंद असल्यास चढायला पायवाट आहे. नोव्हेंबरात दुपार सोळा-सतरा अंशांची असते, वारा बोचरा असतो, पाऊस केव्हाही येतो आणि सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचा जलरोधक कोट न्या. उपाहारगृहात बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढ्यात येते. त्याचे पैसे लागतात, नको असेल तर परत पाठवता येते. एकट्या माणसासाठी अर्धी थाळी मागण्याची तिथे सर्रास पद्धत आहे, आणि एकटी बाई जेवायला बसली म्हणून कोणी वळून पाहत नाही. शाकाहारी वाचकांनी हिरव्या भाजीचे सूप मागवतानाही त्यात मांसाचे काप आहेत का ते विचारावे.

मुलीला फोन करायची वेळ आधीच ठरवा. नोव्हेंबरात आपण साडेपाच तास पुढे असतो, म्हणजे तुमच्या दुपारी तीन वाजता तिचे जेवण होऊन साडेआठ झालेले असतील. त्या एका वेळेला फोन करा आणि उरलेल्या दिवसात दर तासाला फोटो पाठवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेऊ नका. भेटवस्तूंनी बॅग भरून अनुपस्थितीची भरपाई करण्याचीही गरज नाही.

मंगळवारी दुपारच्या बसने लिस्बनला या आणि ती रात्र तिथेच काढा, म्हणजे बुधवारचे विमान बसच्या उशिरावर अवलंबून राहणार नाही आणि यादीतले लिस्बन एका संध्याकाळपुरते का होईना तुम्हाला भेटेल. क्रम मात्र चुकवू नका. आधी पतींशी बोलणे, मग साहेबांना ई-मेल आणि त्याचे लेखी उत्तर, त्यानंतर आरक्षणांसह व्हिसाचा अर्ज, आणि पैसे भरून पक्के तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. अर्ज प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो, पण नोव्हेंबरच्या आधी दिवाळीची गर्दी असते. तेव्हा तो ई-मेल या आठवड्यातच लिहा.